आडवी रेघ

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आणि विमानाचा वेळ दीड तासाच्या आगेमागे. दोन्ही आकडे खरे. पण कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला त्यांतून नागपूर किती लांब आहे हे कळत नाही, आणि ते कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्या वादामुळे हे माझ्या मनात पक्कं झालं, त्यांचं बोलणं इथे मांडतो.

दोघं नात्याने मामा-भाची. मामा मध्य रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. आता निवृत्त होऊन डोंबिवली पूर्वेला राहतात. भाची एका विमान कंपनीत डिस्पॅचर आहे. विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, इंधन, वारा, वेळ पडली तर उतरायचा दुसरा विमानतळ, हे सगळं जे ठरवतात त्यांपैकी ती एक. घर मामांच्या जवळच. मामांची थोरली बहीण अक्का, म्हणजे भाचीची आई, नागपूरला धरमपेठेत असते. डोंबिवलीतून निघून दोघांना पोहोचायचं असतं ते एकाच दाराशी. म्हणूनच या वादाला अर्थ आहे.

भाची: अंतरावर वाद कसला, मामा? सांताक्रूझच्या धावपट्टीपासून नागपूरच्या सोनेगावपर्यंत पृथ्वीच्या गोलावरून सगळ्यात जवळची रेघ काढायची. ३७० नॉटिकल मैल येतात, म्हणजे ६८५ किलोमीटर. तुझ्या रुळांवरून तेच नागपूर ८३७ किलोमीटर. दीडशे किलोमीटर तू नुसता वळणांत घालवतोस.

मामा: ८३७ मोजतात ते सीएसएमटीपासून. मी गाडीत बसतो कल्याणला. त्यातले पहिले ५४ माझे नाहीतच. तू मात्र ६८५ सांगतेस ते सांताक्रूझपासून. तू तिथे राहतेस का?

भाची: तेवढं तरी जावंच लागतं.

मामा: कोणत्या दिशेला जातेस ते बघ. नागपूर पूर्वेला. मी घरातून निघतो तो पूर्वेला, कल्याणकडे. माझं पहिलं पाऊल नागपूरच्या वाटेवर पडतं. तू निघतेस ती पश्चिमेला, समुद्राकडे.

भाची: खरं सांगू, त्याच्याही पुढे पश्चिमेलाच जाते. मुंबईत वर्षाचा बराच काळ वारा समुद्राकडून येतो आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं. म्हणून बहुतेक वेळा ते आधी समुद्रावर जातं, उंची घेतं आणि मग वळून परत किनारा ओलांडतं.

मामा: आणि मग?

भाची: मग पूर्वेला. म्हणजे ठाणे जिल्ह्यावरूनच.

हे ऐकल्यावर मी नकाशा काढून पाहिला. सांताक्रूझपासून नागपूरपर्यंत सरळ दोरी ताणली, तर ती डोंबिवलीच्या पाच-सहा किलोमीटर दक्षिणेकडून, अंबरनाथच्या आसपासून जाते. खरं विमान त्या दोरीवरून जात नाही. त्याला नियंत्रण कक्षाने दिलेल्या ठरलेल्या वाटा असतात. पण दिशा तीच. डोंबिवलीकर सकाळी चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला जातो, विमान त्याला आणखी पुढे नेतं आणि मग त्याच्याच जिल्ह्याच्या डोक्यावरून नागपूरकडे निघतं. दोन शहरांमधल्या अंतराचा आकडा आपण कोणाच्या दारातून मोजतो, हा प्रश्न मला इथे पहिल्यांदा नीट दिसला.

मामा: आता वेळेचं बोल. ६८५ किलोमीटर. तुमचं विमान ताशी आठशेच्या वेगाने जातं ना? मग पाऊण तासाच्या थोडं वर व्हायला हवं. तिकिटावर दीड तास का लिहिता?

भाची: कारण तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, नागपूरला जागेवर जाऊन उभं राहिलं की बंद. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. दिवसाला नऊशेहून जास्त विमानं एका पट्टीवरून चढवायची आणि उतरवायची. मग रांग लागते. चढताना आणि उतरताना वेग कमी. येताना जागा नसली तर आकाशात फेऱ्या मारत थांबायचं. प्रत्यक्ष हवेत तास-सव्वा तास, बाकीचा वेळ या सगळ्याचा.

मामा: आउटरला उभी राहिलेली गाडी. आम्ही पण वेळापत्रकात शेवटच्या स्टेशनाआधी जादा मिनिटं टाकायचो, म्हणजे वाटेत रखडली तरी पोहोचताना वेळेवर दिसावी.

भाची: आम्हीही टाकतो. उड्डाण पंधरा मिनिटांच्या आत असलं की वेळेवर धरतात, तेव्हा कोणतीही कंपनी वेळापत्रक थोडं सैलच ठेवणार. शिवाय वारा आहे. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो. नागपूरला जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. पावसाळ्यात त्या उंचीवरचा वारा उलटा होतो, पूर्वेकडून येतो. शहरं तीच, अंतर तेच, तरी जायची आणि यायची मिनिटं वेगळी. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांचं बघ. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून दक्षिणेकडून वळसा घालून जावं लागतं. दिल्ली आणि लंडन जागची हलली नाहीत, प्रवास मात्र लांबला.

मामांचं म्हणणं कळायला कंट्रोल ऑफिसातला चार्ट माहीत असावा लागतो. मोठ्या कागदावर उभ्या बाजूला स्टेशनं, आडव्या बाजूला वेळ. गाडी पुढे सरकते तशी पेन्सिलीची रेघ तिरकी जाते. गाडी जोरात असली की रेघ ताठ चढते, गाडी उभी राहिली की रेघ आडवी पडते. कंट्रोलरची सगळी नोकरी आडव्या रेघा कमी करण्यात जाते. मामांनी भाचीचा प्रवास तसा काढून दाखवला: उभ्या बाजूला घर, विमानतळ, सोनेगाव, धरमपेठ, आडव्या बाजूला पहाटेपासून दुपारपर्यंतचे तास.

मामा: दहाचं विमान. घरातून कधी निघालीस?

भाची: सव्वासहाला. शीळफाटा आणि ऐरोलीचा काही भरवसा नसतो.

मामा: आठला पोहोचलीस. चाळीस किलोमीटरना पावणेदोन तास, म्हणजे रेघ जवळजवळ आडवीच. आठ ते दहा पूर्ण आडवी. मग विमान हललं, रांगेत राहिलं, पुन्हा आडवी. इथून मात्र कागद फाडून वर जाईल अशी रेघ. ती तुझी खरी रेघ. उतरलीस, पुन्हा आडवी, बॅगेपाशी अजून आडवी. मग धरमपेठ. पावणेएक वाजला. साडेसहा तासांत तुझी ताठ रेघ तास-सव्वा तासाची.

भाची: तुझी काढ की आता.

मामा: विदर्भ एक्स्प्रेस आठच्या सुमारास कल्याणला येते. सव्वासातला घर सोडतो. कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लागतो, थळ घाटात ३७ फुटांना एक फूट चढ, तिथे रेघ वाकते. इगतपुरी, नाशिक, भुसावळ. पूर्वी इगतपुरीला विजेचा प्रवाह बदलायचा, म्हणून कितीतरी गाड्यांचं इंजिन बदलावं लागे. २०१५ मध्ये मुंबईपर्यंत एकच प्रवाह झाला आणि वेग न वाढवता वेळ वाचला. सकाळी नऊच्या आसपास नागपूर, साडेनऊला अक्काच्या घरी चहा. चौदा तासांच्या थोडं वर. त्यातले आठ तास मी झोपलेला. जागेपणीचे तास मोज, तुझ्याएवढेच होतात. आणि मी पोहोचतो तेव्हा दिवस पुढे उभा असतो, तुझा अर्धा उलटलेला असतो.

हा हिशेब मला फार आवडला होता. जागेपणीच्या तासांत मोजलं तर डोंबिवलीकराला आगगाडीचं नागपूर आणि विमानाचं नागपूर सारखंच लांब, असं मी काही दिवस सगळ्यांना सांगतही होतो. भाचीने त्यातली पोकळ जागा दाखवली, आणि माझ्या मते या वादातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तिथे आला.

भाची: मामा, तुझ्या चार्टवरचा माणूस कायम गाडीत बसलेला असतो. वेटिंग लिस्टवरचा माणूस तुझ्या कागदावर येतच नाही.

मामा: म्हणजे?

भाची: आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत एकशेवीस होते. दिवाळीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत विदर्भाकडच्या गाड्या किती वेळात भरतात ते तुला माहीत आहे. तत्काळला आदल्या दिवशी सकाळी बोटं तयार ठेवून बसायचं. आणि दुखणं साठ दिवस आधी कळवून येत नाही. आज रात्री निघायचं आहे आणि जागा चौथ्या दिवसाची आहे, तर नागपूर चौदा तासांवर नसतं, चार दिवसांवर असतं. ती आडवी रेघ घरातून निघण्याआधीची आहे, म्हणून तू ती काढत नाहीस.

मामा: सेकंड क्लासचा जनरल डबा रोज असतो.

भाची: तू जाशील त्यातून, पंचाहत्तराव्या वर्षी? आणि तुझी ती आठ तासांची झोप. आरएसीत साइडच्या बर्थवर दोन माणसं बसून रात्र काढतात, त्यांची झोप वजा करशील? एकटी बाई पर्स उशाशी घेऊन निम्मी जागी असते, तिची? तुला खालचा बर्थ मिळतो, तू रेल्वेत आयुष्य काढलंस, तुला रुळांच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. तो तुझा हिशेब. सगळ्यांचा नाही.

मामा: बरं. मग तूही पैसे मांड. आयत्या वेळच्या विमानाचं तिकीट ज्याला परवडतं त्यालाच नागपूर जवळ.

भाची: ते कबूल. २०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली आणि ती अंतरावरच घातली: पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, पाचशे ते हजारपर्यंत बारा हजार. मुंबई-नागपूर दुसऱ्या गटात. एका बाजूचे बारा हजार, आणि ही सवलत म्हणून घातलेली मर्यादा.

मामा: वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांमुळे झालं ना ते?

भाची: नियमांना दोष देऊ नकोस. थकलेला वैमानिक मी विमानात बसवणार नाही. त्याची झोप ही माझ्या प्रवाशाच्या वेळेत धरलीच पाहिजे. वेळापत्रक आखताना ती धरली जात नाही, तेव्हा अशी वेळ येते. तुमच्या लोको पायलटचंही हेच आहे.

मामा: त्यावर आपलं एकमत.

नागपूर आणि विमान यांचं नातं जुनं आहे, हे भाची अभिमानाने सांगते आणि तिचा अभिमान मला रास्त वाटतो. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून संध्याकाळनंतर निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, टपालाची पोती एकमेकांत बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला मिळालेला हा फार मोठा मान होता. आज मुंबईत टाकलेलं पत्र उद्या कलकत्त्याला, ही त्या काळी केवढी गोष्ट. मामांना मात्र त्यात आपलाच मुद्दा दिसतो: माणसं झोपलेली असताना अंतर कापावं.

भाची: पत्राला घर ते विमानतळ जावं लागत नव्हतं.

मामा: तेच तर मी म्हणतोय.

गेल्या हिवाळ्यात या वादाला एक खरा प्रसंग मिळाला. अक्कांना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी डोंबिवलीला आणायचं होतं. वय ऐंशीच्या पुढे, आधाराशिवाय पायऱ्या चढता येत नाहीत. आता वेळ आणि अंतर एका माणसाच्या दुखऱ्या गुडघ्यात मोजायचे होते.

मामा: खालचा बर्थ काढू. आडवी पडून येईल. विमानात गुडघा दुमडून बसवणार तिला?

भाची: दीड तास दुमडून बसेल. विमानतळाच्या दारापासून खुर्चीपर्यंत व्हीलचेअर मिळते. तुझ्या गाडीत रात्री दोनदा उठून डब्याच्या टोकाला जायचं, गाडी हलत असताना. आणि पहाटे कल्याणला गाडी मोजकी मिनिटं थांबते. तेवढ्यात तिला, सामानाला, तुला खाली उतरवायचं. फलाट आणि पायरी यांत केवढं अंतर असतं ते तुला सांगायला नको.

मामा: आणि सांताक्रूझहून डोंबिवली? गाडीत दोन तास, पाय खाली सोडून?

भाची: म्हणून नवी मुंबईला उतरणारं विमान बघते.

मामा: समृद्धीवरून गाडी करून आणली तर? आमणे आपल्याच जिल्ह्यात आहे.

भाची: ७०१ किलोमीटर, आठ तास. तिला नाही झेपणार.

समृद्धी महामार्गाची आमणेपर्यंतची शेवटची जोडणी ५ जून २०२५ ला खुली झाली आणि भिवंडी तालुक्यातून निघून नागपूर एका दिवसात येऊ लागलं, ही मोठी सोय आहे. पण सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर खासगी बस पेटून पंचवीस माणसं गेली, त्यानंतर रात्री त्या रस्त्याने जायचं म्हटलं की मामा गप्प होतात. त्यावर ते वाद घालत नाहीत आणि मीही घालत नाही.

नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. त्याची धावपट्टी ३,७०० मीटरची, पुढे समांतर दुसरीही व्हायची आहे, म्हणजे मुंबईसारखी छेदणाऱ्या पट्ट्यांची अडचण तिथे राहणार नाही. ठाणे-कल्याणच्या लोकांना हा विमानतळ जवळचा वाटतो. मामांनी त्या जवळपणाची दुसरी बाजू मांडली, आणि ती मांडल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

मामा: तुझी वीस-तीस मिनिटं वाचतील, चांगलं आहे. पण ती कोणाच्या अंगणातून वाचली ते लक्षात ठेव. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे. गावंच्या गावं उठली तिथून. उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं. विमानतळाला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून भूमिपुत्र उगाच रस्त्यावर उतरले नाहीत. १९८४ च्या जानेवारीत त्यांच्या आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व पदरात पडलं.

भाची: आपल्या नेवाळीचं तर तू सांगतच नाहीस.

मामा: सांगतो की. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी नेवाळीला शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, विमानं गेली, जमिनी परत आल्या नाहीत. शेतकरी कसत राहिले. २०१७ च्या जूनमध्ये नौदलाने कुंपण घालायला घेतलं तेव्हा रस्ता पेटला. कल्याणच्या माणसाला घराशेजारी धावपट्टी आहे, पण तिने त्याला कुठेच नेलं नाही.

भाची: तिथे विमानतळ झाला असता तर आज माझी आडवी रेघ अर्धी झाली असती.

मामा: आणि शेतकऱ्याची?

भाचीने यावर काही उत्तर दिलं नाही. ती नोकरीत रोज मिनिटं वाचवते, त्या मिनिटांची किंमत तिला कळते. पण जमिनीची किंमत तिच्या हिशेबात कुठे बसवायची, ते तिला त्या क्षणी सुचलं नसावं. नंतर तिनेच विषय पुढे नेला तो वेगळ्या दिशेने, आणि तिथे दोघं जवळ आले.

भाची: मामा, हवेतला वेळ आता आणखी कमी होणार नाही. साठ वर्षांपूर्वीचं बोइंग ७०७ आजच्या विमानांइतक्याच वेगाने उडायचं. इंधन कमी लागतं, आवाज कमी होतो, सुरक्षितता कितीतरी वाढली. वेग तोच आहे. माझ्या खात्यात वाचवायला उरली ती पाच-दहा मिनिटं.

मामा: थळ घाटाचा चढही तसाच राहणार. १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला तासाभरात पोहोचली. आजची स्लो लोकल साधारण तेवढाच वेळ घेते. मधे थांबे वाढले, माणसं वाढली.

भाची: मग वाचवायचा वेळ आहे कुठे? पहिल्या चाळीस किलोमीटरमध्ये. तू सकाळी बॅग घेऊन डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून बघ. लोकलमध्ये शिरता येत नाही, म्हणून सगळे गाड्या करतात, म्हणून शीळफाटा तुंबतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडून गेली. ज्या लोकलच्या दारात बिनसामानाचा माणूस टिकत नाही, तिथे मी आईला आणि बॅगेला घेऊन विमानतळाला जाऊ?

मामा: नवी मुंबईला जायला लोकल आहे खरी. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळ, नेरूळहून उरणची गाडी. पण बघ, पनवेलच्या दिशेला जायचं आणि आधी उलटं ठाण्याला जायचं. पुन्हा पश्चिमेला.

भाची: पुन्हा पश्चिमेला.

मामा: त्याचंच उत्तर कळवा-ऐरोली उन्नत मार्ग. कल्याणकडची लोकल ठाण्याला न जाता कळव्यातून थेट ऐरोलीला वळेल. ठाण्याची गर्दीही कमी होईल. त्यातलं दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ ला पूर्ण झाली, तेव्हा मेल गाड्यांच्या रेघा चार्टवर सरळ झाल्या. हा मार्ग मात्र अडकून बसला आहे. काही किलोमीटरचं काम.

माझ्या मते नागपूरच्या अंतराचं उत्तर या काही किलोमीटरमध्ये आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहरात अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीत बारा लाखांवर माणसं होती. त्यानंतर दोन्हीकडे इमारतींची किती भर पडली ते घोडबंदरपासून कल्याण-शीळ रस्त्यापर्यंत कोणीही पाहावं. इतक्या लोकांचा पहिला तास जमिनीवर रुतलेला आहे. तो सुटला तर नागपूर, हैदराबाद, दिल्ली सगळीच शहरं एकदम जवळ येतात, विमानाने जाणाऱ्याला आणि आगगाडीने जाणाऱ्यालाही. महामार्ग, धावपट्टी, टर्मिनल यांच्या उद्घाटनांना सरकारं धावतात. कळव्याच्या वळणाला तशी घाई कोणाला दिसत नाही, आणि याचा मला राग आहे.

भाची: अडलंय कुठे पण?

मामा: रुळांलगतच्या घरांवर. शेकडो कुटुंबं आहेत. त्यांना कुठे नेणार ते ठरत नाही.

भाची: त्यांच्यासाठी बारा लाख माणसांनी किती वर्षं थांबायचं?

मामा: आणि बारा लाखांसाठी त्यांनी रस्त्यावर यायचं? नेवाळीत तेच झालं, उलव्यात तेच झालं. आधी त्यांच्या हातात घराची किल्ली, मग खांब. स्टेशनापासून लांब फेकायचं नाही. त्यांची कामं याच लोकलवर आहेत.

भाची: किल्ली द्या, जवळच द्या, माझी काही हरकत नाही. पण कधी, ते लिहून द्या. मी वारा बघून, रांग बघून, पर्यायी विमानतळ धरून प्रत्येक उड्डाणाला वेळ लावते. चुकला तर का चुकला ते सांगावं लागतं. या कामाला कोणी वेळ लावलेलीच नाही.

मामा: लावतील तेव्हा पुनर्वसनाचे महिने त्यात धरायला सांग. ते धरल्याशिवाय आखलेलं वेळापत्रक मी मानणार नाही.